पारापासून सहा मीटर

बडोद्यातल्या आमच्या स्केटबोर्ड गटाची नोंदवही कुणी ठेवायची यावर अर्धा तास वाद झाला आणि जी गप्प बसली होती तिच्या गळ्यात पडली, म्हणजे माझ्या. मराठीत लिहिते, कारण गटातल्या सात जणांच्या घरी मराठी आहे आणि माझं गुजराती बोलणं फर्डं असलं तरी लिहिणं चौथीतल्या मुलाचं. लहानांची नावं लिहायची नाहीत असं ठरलंय. टोपणनावं चालतील.

२१ जून २०२४, शुक्रवार

आज आमच्या आवारात तीन सोहळे एकमेकांच्या अंगावर आले. सहाला योग दिनाची मंडळी चटया घेऊन हजर. आठपासून वटपौर्णिमेच्या बायका, पूजेची ताटं आणि सुताची रिळं घेऊन. आणि २१ जून हाच जगभरात स्केटबोर्डिंगचा दिवस, २००४ पासून पाळतात, म्हणून आमची बारा पोरं साडेसहालाच बोर्ड काखेत मारून उभी.

जागा कुठली ते एकदा लिहून ठेवते. दांडिया बाजाराच्या मागच्या अंगाला, एका सभागृहाशेजारचं सिमेंटचं मोकळं आवार. दिवसा स्कूटरी लागतात, लग्नसराईत मांडव पडतो, संध्याकाळी म्हाताऱ्यांचा कट्टा भरतो. एका कोपऱ्यात वड आणि त्याला बांधलेला पार. बडोद्यात वड असायचाच, गावाचं जुनं नावच वटपद्रक. आम्ही इथे येतो ते मात्र वडासाठी नाही. इथलं सिमेंट त्यातल्या त्यात गुळगुळीत आहे, एवढंच.

योगवाल्यांशी भांडण झालं नाही. शवासन चालू असताना मागे कुणीतरी फळी आपटली तेव्हा एक काका पडल्यापडल्याच म्हणाले, "शव उठून बसेल हां." भानगड झाली ती वडापाशी. बायकांच्या फेऱ्यांमधून सुटलेलं सूत वाऱ्याने आवारभर पसरलं होतं. आमच्यातला एक आठवीतला मुलगा, त्याची चाकं बावन्न मिलिमीटरची आणि ते तो दिवसातून दहादा सांगतो म्हणून त्याचं नाव बावन्न, सरळ त्यातून गेला. चाक आणि ट्रक (फळीखालचा चाकं धरणारा धातूचा भाग) यांच्यामध्ये सूत असं गुंडाळलं की बोर्ड जागीच थांबला आणि बावन्न पुढे गेला. गुडघा फुटला. तो उठतोय तोवर एक मावशी ताट हातात घेऊन तिथे पोचल्या.

"अरे सात जन्मांचं सूत ते! चाकात कसलं घालतोस?"

त्याने खिशातून कात्री काढली. मावशींनी कात्री काढून घेतली. तोडायचं नाही, उलगडायचं. मग बावन्न पारावर बसला, बोर्ड मांडीवर उलटा, आणि मावशींच्याच केसातल्या आकड्याने एकेक वेढा सोडवत राहिला. वीस मिनिटं. मावशी हलल्या नाहीत. शेवटचा धागा निघाल्यावर त्याच्या हातावर आंबा ठेवून गेल्या.

ठराव: पुढच्या वर्षी वटपौर्णिमेला सकाळी बोर्ड बंद.

३० जून, रविवार

पारावर बैठक. आपल्याला कायमचा स्केटपार्क हवा, यावर एकमत. बाकी कशावरच नाही.

नियम मात्र ठरले. एक, मांडवी, न्यायमंदिर, लहरीपुरा दरवाजा, कीर्तिस्तंभ यांच्या पायऱ्यांवर आणि कठड्यांवर बोर्ड घालायचा नाही. धातूचा ट्रक दगडावरून घासला की दगडाची धार जाते आणि मागे काळा पट्टा राहतो. एवढं जुनं घडवलेलं काम आमच्या एका उडीसाठी कशाला? दोन, दर रविवारी आधी आवार झाडायचं, मग खेळायचं. खडीचा हरभऱ्याएवढा दाणा चाकाखाली आला तरी माणूस तोंडावर पडतो, म्हणजे झाडणं तसंही आमच्याच कामाचं. तीन, नवीन येईल त्याला पहिल्या दिवशी फक्त पडायला शिकवायचं. हात टेकायचा नाही, खांदा आत घेऊन गडगडत जायचं.

हे तिसरं बघून कट्ट्यावरचे एक आजोबा काठी टेकत जवळ आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, तरुणपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब केलेला. "कोलांटी चुकतेय, मान आत घे," एवढं बोलून परत जाऊन बसले. मग आम्ही पाराच्या कडेला मेण घासायला लागलो, म्हणजे बोर्ड त्यावरून सरकतो, तेव्हा पुन्हा उठले. "आम्ही मल्लखांबाला एरंडेल लावायचो. पण मल्लखांब आमचा होता, पार तुमचा नाही." मेण पुसलं.

मुलींचा वेगळा मुद्दा. बारांत चौघी. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ मध्ये स्केटपार्क उभा केला, त्याचे दोनच नियम गाजले: शाळा नाही तर स्केटिंग नाही, आणि मुली आधी. त्याच गावातली आशा गोंड २०१८ मध्ये चीनला, नानजिंगच्या जागतिक स्पर्धेपर्यंत पोचली. आम्ही दोन्ही नियम जसेच्या तसे उचलले. संध्याकाळचा पहिला अर्धा तास मुलींचा. मुलांनी कुरकुर केली. करू देत.

८ जुलै, सोमवार

अर्ज लिहिला. पहिली अडचण शब्दाची. स्केटपार्कला ना मराठीत शब्द ना गुजरातीत, आणि 'स्केटिंग' म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे पायात चाकांचे बूट घालून गोल गोल फिरणारी मुलं येतात. म्हणून अर्जात एक परिच्छेद नुसता फरक सांगायला घातला. रिंक सपाट असते आणि माणूस एकाच दिशेने फेऱ्या मारतो. स्केटपार्कमध्ये उतार, कमानी, कठडे, पायऱ्या असतात. घसरत खाली यायचं आणि त्याच वेगावर समोर वर चढायचं.

दुसरा परिच्छेद गुजरातचा. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गुजरातेतच झाल्या, स्केटबोर्डिंग अहमदाबादला झालं, आणि महिलांच्या स्ट्रीट प्रकारात (रस्त्यावरच्यासारख्या पायऱ्या-कठड्यांवरचा खेळ) सुवर्ण मिळालं पुण्याच्या श्रद्धा गायकवाडला. हे वाक्य मुद्दाम ठेवलंय. गायकवाड म्हटल्यावर बडोद्यात कुणाचाही कान उभा राहतो.

खाली १४६ सह्या. त्यातल्या काही सेव-उसळीच्या गाडीवर, रस्सा पिता पिता झालेल्या. एका पानावर तर्रीचा डाग आहे.

२४ जुलै, बुधवार

एका कार्यालयातून अर्ज परत. शेरा: शहरात स्केटिंग रिंक उपलब्ध आहे.

फरकाचा परिच्छेद पहिल्या पानाच्या मागे छापला होता. पाठपोट छपाई करून दोन रुपये वाचवले होते मी.

२८ जुलै, रविवार

पॅरिस ऑलिंपिक, महिलांची स्ट्रीट अंतिम फेरी. माझ्या आजीच्या खोलीत अकरा पोरं, एक पंखा. पुरुषांची स्पर्धा काल व्हायची होती, पावसाने उद्यावर गेली, कारण पार्क उघड्यावर आहे. पोरांना याचा फार आनंद झाला. ऑलिंपिकवाल्यांनाही पाऊस नडतो तर!

सुवर्ण जपानच्या कोको योशिझावाला, वय १४. टोकियोला मोमिजी निशिया जिंकली तेव्हा तीही १३ वर्षांचीच होती. आजी म्हणाली, "एवढीशी पोर, हिची आई कुठाय?" कॅमेरा आईवर गेला नाही तोवर आजीचा जीव थाऱ्यावर नव्हता. मग विचारलं, "हे तुम्ही करता ते हेच का?" हो म्हटलं. "मग तुमचं असं का दिसत नाही?"

३ सप्टेंबर, मंगळवार

आठ दिवसांचं एकदम लिहितेय. वीज नव्हती, मग वेळ नव्हता.

२६ ऑगस्टला, जन्माष्टमीला, पाऊस लागला तो थांबेना. वरून आजवा धरणाचं पाणी. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, नदी ३५ च्याही वर गेली. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी, परशुराम भठ्ठ्यात घरंच्या घरं बुडाली. मगरी वस्तीत शिरल्या, वन खात्याची माणसं आणि स्वयंसेवक त्या पकडत होते. म्हणून गटात मी पहिला निरोप टाकला तो हा: पाण्यात कुणीही उतरायचं नाही, दिसतं तेवढं उथळ असलं तरी नाही. पाणी ओसरून रस्ता दिसला की मगच.

रस्ता ३० ला दिसला. प्यायच्या पाण्याचे वीस लिटरचे जार मुख्य रस्त्यापर्यंत येत होते, पुढे गल्लीत गाडी जाईना. दोन बोर्ड समांतर ठेवले, वर प्लायचा तुकडा सुतळीने आवळला, त्यावर तीन जार. साठ किलो. एक जण पुढे वाट साफ करत, एक ढकलायला, आणि उतारावर दोघे मागून दोरी धरून, ब्रेक म्हणून. डांबरावर गाडा छान चालायचा, गाळ लागला की चाकं रुतायची, मग जार खांद्यावर. ही कल्पना बावन्नची. स्वतःचा बोर्ड पहिला त्याने काढून दिला आणि बेअरिंगची वाट लागणार हे त्याला माहीत होतं.

पुढचे दिवस गाळ उपसायचे. फावडी मोजून चार. लोक घरातली स्टीलची ताटं घेऊन गाळ खरवडत होते. एका घरात भिंतीवरचं कॅलेंडर कमरेइतक्या उंचीपर्यंत तपकिरी आणि वर स्वच्छ, जन्माष्टमीचा चौकोन बरोबर रेषेवर. त्या घरच्या ताई चार तास आमच्याबरोबर वाकून काम करत होत्या आणि मधूनच विचारायच्या, "चहा प्यायला का रे?" गॅस नव्हता, दूध नव्हतं. विचारायचं म्हणून विचारत होत्या.

आमच्यातल्या एकाने फोटो काढले. मी म्हटलं, नव्या अर्जाला जोडू. त्या ताईंना परवानगी विचारली. "माझा फोटो कशाला साहेबांना? अंगभर चिखल आहे." त्या हसून म्हणाल्या, पण मला जिथे लागायचं तिथे लागलं. पूर आणि पार्क एकाच अर्जात घालायचे नाहीत. फोटो काढून टाकले.

८ सप्टेंबर, रविवार

गणपती बसले. आम्ही पारावर बेअरिंग धुवायला बसलो. नऊ बोर्ड, बोर्डाला आठ, म्हणजे ७२ बेअरिंग. नंबर ६०८: बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर, भोक ८, जाडी ७. याच मापाचं बेअरिंग कितीतरी छोट्या मोटरींमध्येही असतं, त्यामुळे नवीन मिळायला अवघड नाही. पण पैसे कोण देणार? टाचणीने रबराची झाकणी उचलायची, डब्यात रॉकेल, हलवायचं, गाळ खाली बसतो, दुसऱ्या डब्यात पुन्हा, मग फडक्यावर वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. दोन थेंब घातले की धूळ धरते. एका मुलाचे वडील माणेजाच्या बेअरिंग कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांनी एकेक कानाशी धरून फिरवून पाहिलं. खरखर आली की बाजूला. ७२ पैकी ४१ वाचली.

विश्वामित्रीचा गाळ रॉकेलमध्ये चहाच्या रंगाचा होतो.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या कृत्रिम तलावावर निर्माल्य गोळा करायला आठ जण गेलो होतो. हार, दूर्वा, केवडा वेगळा, प्लॅस्टिक आणि थर्माकोल वेगळं. रात्री दोनपर्यंत. दूर्वांचा वास अजून हाताला आहे.

सगळ्यांच्या मनात एकच चाललं होतं आणि कुणी बोलत नव्हतं. शेवटी तुटका दात (हे नाव तो खेळायला लागण्याआधीपासून आहे, दात खेळात तुटलेला नाही) म्हणाला, "ताई, हा तलाव कोरडा असला की?" तिरक्या कडा, गोलसर कोपरे. बोलच की, म्हणजे बोर्ड चालवायचा वाडग्यासारखा खड्डा! खरं तर बोल खेळणं फोफावलं तेही असंच. १९७६–७७ मध्ये कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, घरोघरचे पोहण्याचे हौद रिकामे राहिले, आणि तिथली पोरं कुंपणावरून उड्या मारून त्यात बोर्ड चालवायला लागली. पण इथल्या कडा मातीच्या आणि वर ताडपत्री. पहिल्याच फेरीला फाटेल. शिवाय बाप्पा गेल्यावर त्यात खेळायचं हे आमच्या घरी कोण ऐकून घेणार?

३ ते १२ ऑक्टोबर

गरबा. आवारात रोज. बोर्ड बंद. बावन्नला गरबा सगळ्यांपेक्षा चांगला येतो हे कळलं.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीच्या साफसफाईत घराघरांतून रद्दी मागितली होती. त्या पैशांत आणि आमच्या भाऊबीजेच्या ओवाळणीत मिळून दोन हलवता येणारे क्वार्टर पाइप, म्हणजे कमानीसारखे वर चढणारे उतार, करायचे ठरले. कायमचा पार्क नाही तोवर काहीतरी वर चढायला हवं.

सुतारकाका मूळचे झोपाळे करणारे. मी कागदावर काढून नेलं होतं: उंची तीन फूट, कमानीची त्रिज्या सात फूट, पायथ्याची लांबी पावणेसहा. त्यांनी कागद घेतला, बघितला, बाजूला ठेवला. आठ बाय चारची १८ मिलिमीटरची प्लाय जमिनीवर आडवी टाकली. केंद्र प्लायच्या खालच्या कडेपासून सात फुटांवर, म्हणजे प्लायच्या बाहेर तीन फूट. तिथे एक लाकडी ठोकळा ठेवून खिळा मारला, सुतळी बांधली, सात फुटांवर पेन्सिल. एक गुडघा ठोकळ्यावर, तो हलू नये म्हणून. मग श्वास रोखून पेन्सिल एकदाच फिरवली. मध्ये थांबले नाहीत. कमान उमटली तेव्हा उठून लांबून बघितली आणि म्हणाले, "ही तर पाळण्याची बाक झाली. मोठ्या बाळांचा पाळणा."

वरचा पत्रा म्हणून सहा मिलिमीटर प्लायचे दोन थर, वाकवून. वरच्या काठाला दोन इंची लोखंडी पाइप. दोन इंची म्हणतात, बाहेरून मोजला तर ६० मिलिमीटर भरतो, आणि स्केटपार्कच्या काठाला जगभर साधारण हेच माप. म्हणजे लागणारा पाइप प्लंबिंगच्या दुकानात मिळाला. तो प्लायच्या बाहेर नखभर डोकावायला हवा, जास्त आला की चाक अडतं. सुतारकाकांनी अंगठ्याचं नख लावून मोजलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहिला दिवस. पायथ्याशी प्लाय आणि सिमेंट यांच्यामध्ये बोटभर फट राहिली होती. दोघे पडले. संध्याकाळपर्यंत पत्रा ठोकून फट बुजवली.

त्यानंतर चौघींपैकी सर्वांत लहान, गुलाबी चाकांची, वर उभी राहिली. बोर्डाची शेपटी पायाखाली, पुढची चाकं हवेत. इथून पुढे एकच काम असतं: पुढच्या पायावर सगळं वजन टाकून खाली झुकायचं. मागे रेललं की बोर्ड निसटतो आणि माणूस पाठीवर. अंग सांगतं मागे हो आणि करायचं असतं उलट. ती सात-आठ मिनिटं नुसती उभी. कुणी आरडाओरडा केला नाही. मग गेली, नीट गेली, समोरच्या भिंतीपर्यंत गेली आणि तिथे थांबायचं कसं ते कुणी शिकवलंच नव्हतं.

८ डिसेंबर, रविवार

पुलाखालच्या जागेची पाहणी. गेंडा सर्कलपासून मनीषा चौकडीपर्यंतचा साडेतीन किलोमीटरचा पूल २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला, खाली भरपूर सावली. मुलं पेटली होती. अमेरिकेत पोर्टलंडला बर्नसाइड पुलाखाली खेळाडूंनी १९९० मध्ये कुणाला न विचारता सिमेंट ओतायला सुरुवात केली आणि शहराने नंतर त्याला मान्यता दिली, हे सगळ्यांना पाठ आहे. मुंबईत माटुंग्याला तर रहिवाशांनी पाठपुरावा करून पुलाखाली बाग करवून घेतली, तिथली चालायची वाट नर्मदेच्या वळणांची आहे.

टेप लावून मोजलं. रुंदी पुरते, खांब टाळता येतात. मग आम्ही दोन तास कडेला उभं राहून फक्त एक गोष्ट पाहिली: दहा वर्षांचं मूल तिथे पोचणार कसं. दोन्ही बाजूंनी गाड्या, मध्ये आम्ही. बोर्ड पायाखालून निसटला की तो सरळ रस्त्यावर, आणि मूल बोर्डाच्या मागे. माटुंग्याच्या बागेत माणसं चालतात, त्यांच्या पायाखालून काही निसटत नाही. मी नाही म्हटलं. गटातले मोठे दोघं अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. पोर्टलंडची गोष्ट मलाही आवडते, पण तिथे सिमेंट ओतणारे मोठे होते आणि आमच्यात सर्वांत लहान नऊ वर्षांची आहे.

२२ डिसेंबर, रविवार

मल्लखांबवाल्या आजोबांनी लेखी हरकत दिली. आमच्याच हातात, घडी घातलेला फुलस्केप, मोडी वळणाच्या मराठीत. याच आवारात पार्क मागणाऱ्या दुसऱ्या अर्जासाठी सह्या मागायला गेलो तर म्हणाले, सही नाही, हे घ्या.

मुद्दे तीन. पहिला, आवाज: दुपारी झोप आणि संध्याकाळी दिवेलागण, दोन्हींत टकटक. दुसरा, मी रोज या आवाराच्या कडेने अकरा फेऱ्या मारतो, त्या कुठे मारू? तिसरा, तुम्ही नकाशात खड्डा दाखवलाय, त्यात पावसाचं पाणी साठेल, डास होतील. ऑगस्ट विसरलात का?

रात्री घरी नकाशा उघडून बसले. मी स्थापत्य शिकले आहे, बांधकामाच्या साइटवर काम करते, आणि जमिनीच्या खाली चार फुटांचा बोल काढला होता, अशा गावात जिथे तीन-चार महिन्यांपूर्वी मीच गाळ उपसत होते. लाज वाटली. बोल खोडला. आता सगळं जमिनीच्या वर: दोन टोकांना कमानी, मध्ये उतरता ओटा, कठडा, बोर्ड घसरवायला एक नळी. तळ २० बाय १५ मीटर, साडेबारा सेंटिमीटर जाड, म्हणजे साडेसदतीस घनमीटर काँक्रीट, सहा घनमीटरचे मिक्सर धरले तर सात. पंधरा मीटरच्या बाजूला शंभराला एक उतार, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत १५ सेंटिमीटर, बोर्डावर जाणवत नाही आणि पाणी थांबत नाही. भोवती दीड मीटरची चालायची वाट, तुटक नाही, अखंड. मोजून पाहिलं, आजोबांच्या अकरा फेऱ्यांची लांबी उलट थोडी वाढते.

आवाजाला अर्धंच औषध. आमची चाकं ९९ ए कठीणपणाची, खरबरीत सिमेंटवर खडखडतात. ७८ ए ची मऊ चाकं लावली तर तो आवाज जवळजवळ जातो. दुपारी एक ते चार बंद आणि सातनंतर फक्त मऊ चाकं, असं लिहिलं. आठवडाभर तसं खेळून दाखवलं. आजोबा म्हणाले, "चाकांचा गेला. फळीचा राहिला." बरोबर आहे. उडी मारताना शेपटी जमिनीवर आपटतेच, त्याशिवाय उडी नाही. तेही अर्जात लिहिलं.

आणि हरकतीचा मूळ कागद जोडला. मोठे दोघं म्हणाले, आपल्याच पायावर धोंडा. असेल.

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, आणि तिचा दुसरा दिवस वासी उत्तरायण उरकलं. आज पहाटेपासून मांजा वेचला. काचेचा मांजा झाडांत आणि तारांवर लोंबत राहतो, पक्षी अडकतात. सरकारचं करुणा अभियान १० ते २० जानेवारी चालतं, जखमी पक्षी तिथे देता येतात. आम्ही दोन दिले, एक कबूतर, एक ढोकरी. हातमोजे नव्हते त्यांना परत पाठवलं. रद्दीवाल्याच्या काट्यावर गुंता साडेसहा किलो भरला.

वडाच्या पारंब्यांत सर्वांत जास्त. वर मांजा, खाली जूनमधलं सूत अजून खोडाला, पावसाने काळं पडलेलं. बावन्नने मांजा कापला, सुताला हात लावला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जागेवर एक अभियंता साहेब आले. अर्ज उभ्या उभ्या चाळला. सह्यांची पानं अंगठ्याने एकदम उलटली. श्रद्धा गायकवाडचं वाक्य ओलांडून गेले. हरकतीच्या कागदावर थांबले. पूर्ण वाचला, मग मान वर करून, "हे कोण?" आजोबा पारावरच होते. दोघे पंधरा मिनिटं बोलले, आम्ही लांब उभे. मग साहेबांनी स्वतः आवाराच्या कडेने चालत वाट मोजली, आजोबा पुढे, साहेब मागे, टेपचं टोक गुलाबी चाकांवालीच्या हातात.

त्यांचे प्रश्न सगळे कामाचे होते. उतार कुठल्या दिशेला, पाणी कुठल्या गटारात, मांडव कुठे घालणार, देखभाल कोण बघणार? शेवटचा: झाडापासून किती? मी म्हटलं तीन मीटर. साहेब म्हणाले, वडाची मुळं तीन मीटरवर थांबत नाहीत, दहा वर्षांत तुमचा तळ उचलतील, आणि मग कुणीतरी झाड तोडा म्हणेल. सहा करा. सहा केले तर २० चे १७ होतात. मी जागेवरच केले. मोठ्या दोघांचे चेहरे पडले. तीन मीटर म्हणजे त्यांचा कठडा.

निघताना सांगितलं की हलवता येणारे रॅम्प ठेवायला सध्या हरकत नाही, कायमच्या कामासाठी फाइल अभिप्रायाला पुढे जाईल, पुढच्या अंदाजपत्रकात बसतं का ते बघू. लेखी काही नाही. आजोबांना विचारलं, हरकत मागे घेणार का? "कशाला? अजून टकटक आहे."

२३ मार्च, रविवार

दहावीवाले दोघे परीक्षा संपवून परत आले. फाइल अभिप्रायातच आहे, दर सोमवारी विचारते. रॅम्पची उजवीकडची प्लाय उन्हाने फुगली, सुतारकाका गुरुवारी येतील. आवारातल्या तीन भेगा उन्हाळ्यात बुजवायच्या, काळी माती आकसलेली असतानाच, पाऊस पडल्यावर नाही. सहा मीटरची रेघ खडूने आखली होती ती झाडताना पुसली, आता पांढरा रंग आणायचा.

पुढचं वेळापत्रक पारावर चिकटवलं:

१० जून, वटपौर्णिमा: सकाळी बोर्ड बंद. सूत वेचायला साडेअकराला सगळ्यांनी यावे. कात्री आणू नये, आकडे आणावेत.

२१ जून: योग सातपर्यंत. शवासन संपल्याची खात्री करून मग.